डॉ. आनंदीबाई जोशी यांचा थकवा : कारण सापडल्यासारखे वाटते तेव्हाही तपासणी का करावी?

थकवा हा स्वतः आजार नाही, ते लक्षण आहे. ताप किंवा खोकल्याप्रमाणे थकव्यामागेही काहीतरी कारण असते. मात्र ताप आला की आपण तो मोजतो आणि खोकला लांबला की छातीचा एक्स-रे काढतो. थकव्याच्या बाबतीत तसे होत नाही, कारण त्याचे एक सोपे स्पष्टीकरण प्रत्येकाजवळ आधीच तयार असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून तपासणीला येणाऱ्या अनेक महिलांची तक्रार सारखीच असते. अंगात ताकद नाही, पाय ओढत चालावे लागते, झोप झाली तरी ताजेतवाने वाटत नाही. कधीपासून असे विचारले की वर्ष, दोन वर्षे असे उत्तर येते. इतके दिवस का दाखवले नाही, यालाही उत्तर असते. पहाटे उठून गोठा साफ करायचा, धारा काढायच्या, दूध संकलन केंद्रावर पोचवायचे, मग रानातले काम आणि संध्याकाळी पुन्हा धारा. एवढे केल्यावर कोण थकणार नाही? कुणाचे बाळंतपण नुकतेच झालेले असते, कुणाच्या घरी दुःखद घटना घडलेली असते, कुणाची पाळी जाण्याचे वय झालेले असते. कारणे खरी असतात. पण कारण मिळाले की शोध थांबतो, आणि धोका तिथेच असतो.

हा धोका समजून घेण्यासाठी याच पुणे जिल्ह्यात, पुणे शहरात, १८८७ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी मरण पावलेल्या एका डॉक्टरचे आयुष्य पाहू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव बहुतेकांना माहीत आहे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पण त्यांच्या शिक्षणाची सगळी वर्षे एका लांबलेल्या थकव्याने व्यापलेली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

यमुनेची आनंदी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. घराणे जमीनजुमल्याचे होते, पण त्या काळापर्यंत आर्थिक परिस्थिती उतरली होती. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

पत्नीने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळी ही दुर्मीळ गोष्ट होती. पण हट्ट करण्याची त्यांची रीत कठोर होती. अभ्यास टाळून स्वयंपाकघरात गेल्याबद्दल आनंदीबाईंना मारही खावा लागला, असे त्यांच्या चरित्रांमधून दिसते. नोकरीच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड सतत हलत राहिले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असा प्रवास करत हे जोडपे पुढे बंगालमध्ये पोचले.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित वाचला असता. या घटनेनंतर आपण डॉक्टर व्हायचे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर इथे आणखी एक गोष्ट दिसते. चौदा वर्षांचे शरीर स्वतःच वाढत असते. त्यात गर्भारपण आणि बाळंतपण आले की शरीरातला लोहाचा साठा झपाट्याने संपतो. बाळंतपणातला रक्तस्राव, त्यानंतरचे दुःख, नवे गाव, नवे पाणी, या सगळ्यानंतर मुलगी अशक्त दिसू लागली तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. थकव्याचे पहिले स्पष्टीकरण असे सहज तयार होते.

बंगालमधला थकवा आणि टपालाने आलेली औषधे

१८७८ साली गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा त्यात त्यांनी कळवली होती. हे पत्र वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापले. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि दोघींचा दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

याच काळात, कलकत्त्याच्या परिसरात राहत असताना, आनंदीबाईंची प्रकृती बिघडत गेली. अशक्तपणा होता, डोके सतत दुखत असे, अधूनमधून ताप येई, कधी दम लागत असे. आज कुठल्याही वैद्यकीय विद्यार्थ्यासमोर या चार तक्रारी ठेवल्या तर तो लगेच तपासण्यांची यादी करू लागेल. तेव्हा मात्र बंगालची दमट हवा, तिथला घरोघरचा हिवताप, एकटेपणा आणि अभ्यासाचा ताण अशी कारणे हाताशी होती.

कार्पेंटरबाईंनी काळजीपोटी अमेरिकेहून औषधे पाठवली. ती समुद्रमार्गे आली, घेतलीही गेली, पण गुण आला नाही. यात दोष कार्पेंटरबाईंचा नव्हता. रुग्णाला न पाहता, नाडी न बघता, छाती न तपासता, केवळ पत्रातल्या वर्णनावरून दिलेले औषध लागू पडले तर तो योगायोगच. त्या काळी घरंदाज स्त्रीने पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे जवळजवळ अशक्य होते आणि स्त्री डॉक्टर मिळणे दुरापास्त होते. ही अडचण आनंदीबाई स्वतःच्या शरीरावर भोगत होत्या, आणि तीच दूर करण्यासाठी त्यांना डॉक्टर व्हायचे होते.

टपालाने औषध मागवण्याची ती पद्धत आपण मागे टाकली आहे, असे मात्र समजू नये. औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली आणणे, दर महिन्याला ताकदीचे सलाईन लावून घेणे किंवा शेजारणीला लागू पडलेल्या गोळ्या घेणे हा त्याच पद्धतीचा आजचा अवतार आहे. सलाईनच्या बाटलीत मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते. अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते उपयोगी पडते. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा क्षय यांवर त्याचा काही परिणाम होत नाही. दोन दिवस बरे वाटते, आणि खरे निदान आणखी महिनाभर लांबते.

आजारी असतानाच घेतलेला निर्णय

गोपाळरावांची बदली बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली, जे हुगळी नदीकाठी आहे. प्रकृती ठीक नसतानाही पत्नीला एकटीने अमेरिकेला पाठवायचे, असे त्यांनी ठरवले. समाजातून टीका झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजमध्ये भाषण करून आपण का जात आहोत हे लोकांपुढे मांडले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे, हा त्या भाषणाचा गाभा होता. आपण धर्म बदलणार नाही, असेही त्यांनी सांगितले.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. थकवा, डोकेदुखी आणि ताप यांचे कारण शोधले गेले नव्हतेच. ते प्रश्नही त्यांच्यासोबत समुद्रापार गेले.

फिलाडेल्फियातली तीन वर्षे

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने सांभाळले. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र असा अभ्यास सुरू झाला, तोही परक्या भाषेत.

बर्फाळ हिवाळा त्यांना नवीन होता. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहारही सोडला नाही. त्या काळच्या फिलाडेल्फियात शाकाहारी माणसाला पोटभर आणि पौष्टिक खायला मिळणे अवघड होते. प्रकृती आणखी खालावली. पण आता स्पष्टीकरणे बदलली होती. बंगालच्या उष्ण दमट हवेची जागा अमेरिकेच्या थंडीने घेतली होती. सासुरवासाच्या जागी परदेशातला एकटेपणा आणि दूरच्या नवऱ्याची बोचरी पत्रे आली होती. अपुरा आहार होता, रात्रीचा अभ्यास होता. प्रत्येक कारण खरे होते, आणि प्रत्येक कारण थकव्याला शोभणारे होते. या सगळ्यांच्या आड क्षयरोग शरीरात घर करत होता.

ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले या महाविद्यालयातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आहेत. तिघी आपापल्या देशाच्या वेशात स्थिर नजरेने बसलेल्या दिसतात. चित्र पाहून त्यातली एक विद्यार्थिनी दीड वर्षाच्या आत जगाचा निरोप घेणार आहे, असे कुणालाही वाटणार नाही. थकव्याच्या रुग्णांना हे वाक्य वारंवार ऐकावे लागते की तुम्ही तर चांगल्या दिसता. दिसणे आणि असणे यांत फरक असतो. चेहऱ्यावरून हिमोग्लोबिनचा आकडा सांगता येत नाही, आणि फुप्फुसातला डागही दिसत नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या मुलीच्या हाती आता इतर आयांची बाळे वाचवण्याचे काम येणार होते.

परतीची वाट आणि पुणे

ते काम त्यांना करता आले नाही. १८८६ च्या अखेरीस त्या हिंदुस्थानात परतल्या तेव्हा आजार लपण्यासारखा राहिला नव्हता. कोल्हापूरला रुजू होण्याइतकी शक्ती उरली नव्हती. पुण्यात उपचार चालू राहिले, अमेरिकेहूनही औषधे येत राहिली. कशाचाही उपयोग झाला नाही.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले.

तेव्हा वैद्यकाच्या हाती काय होते?

आनंदीबाईंना वाचवता आले असते का, याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकात शोधावे लागते.

हिवतापाचा परजीवी अल्फॉन्स लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये पाहिला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर आणला. म्हणजे आनंदीबाई बोटीत बसल्या तेव्हा क्षय हा जंतूमुळे होतो हे कळून एकच वर्ष झाले होते. त्या वैद्यक शिकत होत्या त्या वर्षांत हे ज्ञान पाठ्यपुस्तकांत उतरत होते. एक्स-रेचा शोध १८९५ मध्ये लागला, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

थुंकीत जंतू सापडला असता तरी त्याला मारणारे औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपाय होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध १९४३ मध्ये सापडले. आयसोनियाझिड १९५२ मध्ये आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास येथील क्षयरोग केंद्राने सिद्ध केले की रुग्णाला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच नियमित गोळ्या दिल्या तरी तो तितकाच बरा होतो. आज जगभर क्षयरोगी आपल्या घरी राहून उपचार घेतात, त्यामागे या भारतीय अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

थोडक्यात, १८८७ मध्ये उत्तर मिळाले असते तरी उपाय नव्हता. आज उत्तर मिळाले तर उपाय आहे. म्हणूनच उत्तर न शोधणे आज जास्त महाग पडते.

आज याच तक्रारी घेऊन कुणी आले तर

अठरा-वीस वर्षांची मुलगी आहे. एक बाळंतपण झालेले आहे. काही महिन्यांपासून अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप, चालताना दम. डॉक्टर कोणकोणत्या शक्यता तपासतील?

रक्तक्षय: सर्वांत आधी हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते १२ पेक्षा कमी, गरोदरपणी ११ पेक्षा कमी आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशक्तपणा, डोकेदुखी आणि दम या तिन्ही तक्रारी एकट्या रक्तक्षयानेही होऊ शकतात. मात्र लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नये. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, पोटात जंत आहेत का, ब-१२ कमी आहे का, हेही पाहावे लागते. शाकाहारी लोकांत ब-१२ ची कमतरता बरीच आढळते.

थायरॉइड आणि मधुमेह: थायरॉइडचे काम मंदावले की थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे अशा तक्रारी येतात. मधुमेहात तहान, वारंवार लघवी आणि थकवा जाणवतो. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात.

क्षयरोग: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, वजन आणि भूक कमी होणे ही नेहमीची लक्षणे. पण क्षय फक्त फुप्फुसाचा नसतो. गाठी, आतडी, मणका किंवा गर्भाशय यांचा क्षय असेल तर खोकला अजिबात नसतो. अनेकदा थकवा, बारीक ताप आणि घटते वजन एवढेच दिसते.

ब्रुसेलोसिस: गाई-म्हशींच्या गोठ्यात काम करणाऱ्यांसाठी हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा जनावरांकडून माणसाला होणारा संसर्ग आहे. कच्चे दूध प्यायल्याने, किंवा गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढल्याने जंतू शरीरात जाऊ शकतो. चढउतार होणारा ताप, भरपूर घाम, सांधे आणि कंबर दुखणे आणि महिनोन्‌महिने टिकणारा थकवा ही त्याची लक्षणे. बारामती-इंदापूरसारख्या दुग्धव्यवसायाच्या भागात डॉक्टरांना आपला जनावरांशी संबंध आहे हे आवर्जून सांगा, म्हणजे ही तपासणी सुचेल. योग्य प्रतिजैविके सहसा किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. दूध उकळून पिणे, वार काढताना हातमोजे घालणे आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस देणे हे प्रतिबंधाचे उपाय आहेत.

नैराश्य आणि झोपेचे विकार: बाळंतपणानंतरचे किंवा दुःखानंतरचे नैराश्य शरीराच्या थकव्याच्या रूपात दिसू शकते. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यामुळेही दिवसभर थकवा राहतो. हे खरे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. फक्त, मनाचे आहे असे म्हणून शारीरिक तपासण्या टाळू नयेत. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

सर्व तपासण्या चांगल्या आल्या तर?

काही रुग्णांच्या बाबतीत हे सगळे करूनही कारण सापडत नाही. थकवा सहा महिन्यांहून जास्त टिकतो, पूर्वीची कामे जमेनाशी होतात, झोपूनही विश्रांती मिळत नाही. थोडे जास्त श्रम झाले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सगळी लक्षणे उसळून येतात आणि कित्येक दिवस टिकतात. सोबत स्मरण आणि एकाग्रता कमी होते, किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढतो. या चित्राला दीर्घकालीन थकवा विकार म्हणतात. काही जणांत तो एखाद्या विषाणूजन्य तापानंतर सुरू होतो. कोविडनंतरही असे रुग्ण दिसले आहेत.

या विकारासाठी अजून एकही निश्चित रक्तचाचणी नाही आणि मुळावर घाव घालणारे औषधही नाही. तरी काही करता येत नाही असे नाही. आपली शक्ती किती आहे ते ओळखून त्या मर्यादेत दिवस आखणे, बरे वाटले म्हणून एका दिवशी सगळी कामे न उरकणे, झोप, वेदना आणि चक्कर यांवर स्वतंत्र उपचार घेणे, यांनी आयुष्य बरेच सुसह्य होते. इथे जिद्दीने अंग मोडून व्यायाम केल्यास त्रास वाढू शकतो. घरच्यांनी हा आळस नाही हे समजून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

लक्षात ठेवा, हे निदान शेवटी येते. आधीची सर्व दारे तपासून झाल्यावरच.

बारामती आणि इंदापुरात सुरुवात कुठून करावी?

पहिली पायरी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपले नेहमीचे डॉक्टर. पुढच्या तपासण्यांसाठी बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. गावात आशाताईंना सांगितले तरी त्या योग्य ठिकाणी पाठवतात.

क्षयाची तपासणी आणि औषधे शासकीय केंद्रांत मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालाही हा लाभ मिळतो. ऊसतोडीच्या हंगामात गाव बदलले तरी नोंदणीच्या आधारे दुसऱ्या ठिकाणी उपचार चालू ठेवता येतात. औषधे मध्येच सोडू नका. अधिक माहितीसाठी १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या. थकवा नेमका कधी सुरू झाला, पूर्वी जमणारे कोणते काम आता जमत नाही, वजनात किती फरक पडला, आणि ताप किंवा पाळीच्या तारखा. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटेही सोबत ठेवा.

हे असेल तर थांबू नका

थकव्यासोबत पुढीलपैकी काहीही असेल तर लगेच तपासून घ्या:

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, थुंकीतून रक्त
- कारण नसताना वजन घटणे, रात्री कपडे भिजतील इतका घाम
- मान, काख किंवा जांघेत गाठ
- शौचातून रक्त, काळी शौच किंवा पाळीत अतिरिक्त रक्तस्राव
- छातीत दुखणे, बसल्याजागी दम लागणे, चक्कर येऊन पडणे
- जगण्यात अर्थ वाटेनासा होणे किंवा जीव द्यावासा वाटणे

आनंदीबाई स्वतः डॉक्टर झाल्या. आजारपण अंगावर काढत त्यांनी जे शिक्षण पुरे केले, त्याचा लाभ एकाही रुग्णाला मिळाला नाही. त्यांच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण थकवा अंगावर काढणे हा त्या जिद्दीचा धडा समजू नये. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे तो आहे, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात रक्ताच्या एका साध्या तपासणीने आणि छातीच्या एका एक्स-रेने होते. थकव्याचे कारण तुम्हाला आधीच माहीत आहे असे वाटत असेल, तरीही ती तपासणी करून घ्या.